ओट्यावरचं कॉलेज

तुळजापूर
२८ जून १९५७

चि. अंबादास यास,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई घालवत नाही. तू सोलापूरला पोचल्याचं कार्ड मिळालं. तीन ओळी! त्यातली एक पत्त्याची. तुझ्या काकूनं ते कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, पुढं कुठं काही राहिलंय का म्हणून. इथून पुढं पाकीट वापर आणि पानं भरून लिही.

तू गेल्यापासून गावात जो भेटतो तो एकच विचारतो, घरची यजमानी सोडून पोराला कॉलेजात कशाला घातलं? कुंकवाच्या दुकानातला धोंडप्पा तर म्हणाला, "गुरुजी, शिकून पोरगं सायब झालं की आईबापाला वळखत न्हाय." मी म्हटलं, त्याला आईबाप नाहीतच, चुलता-चुलती आहेत, तेवढ्यांना ओळखील. तो हसला. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तुझे वडील असते तर त्यांनीच तुला गाडीत बसवून दिलं असतं.

काय दिवस बदलले! आमच्या वेळी सोलापूर म्हणजे परमुलूख. इकडं निजामाचं राज्य, तिकडं इंग्रजाचं, आणि मधे नाका. शिपाई गाठोडी सोडून बघायचे. शिकायचं तर हैदराबादला, तेही उर्दूत. मी गेलो होतो, तुला ठाऊक आहे. वर्ग सुरू व्हायच्या आधीच वडील गेल्याची तार आली. परत आलो तो थेट देवळातच उभा राहिलो. पुन्हा जायचं राहिलं ते राहिलंच. शाळेतले मौलवीसाहेब रस्त्यात भेटले की विचारायचे, "मियाँ, कब जा रहे हो?" पुढं त्यांनीही विचारणं सोडलं.

आता एक ताकीद. सोलापुरात आपले यजमान पुष्कळ. पिढ्यान्‌पिढ्या देवीला येतात आणि आपल्याच घरी उतरतात. त्यांच्यातल्या एकाच्याही दारात जाऊ नकोस. उपाध्यांचा मुलगा म्हटल्यावर पाट मांडतील, जेवू घालतील आणि निघताना हातावर दक्षिणा ठेवतील. ती नको. मी जन्मभर तेच केलं. वाईट नाही, देवीचं काम आहे. पण दर वेळी खालचा हात आपला असतो. तुझा नसावा, म्हणून तर तुला यजमानांच्या पंगतीत कधी वाढायलासुद्धा येऊ दिलं नाही, मागच्या खोलीत पुस्तक देऊन बसवलं. तू पदवी घे. आणखी काही मागत नाही.

तात्या

काकू सांगते, शेंगाच्या चटणीचा डबा उघडा ठेवू नकोस, मुंग्या लागतात.


सोलापूर
९ जुलै १९५७

ती. तात्यांना,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घालतो. खोली एवढी आहे की खरंच घातला तर पाय जिन्यात जातील.

कॉलेज मोठं आहे. मुलं इस्त्रीचे कपडे घालून येतात. शिकवणं सगळं इंग्रजीत. तात्या, पहिलीला आम्ही उर्दू गिरवली. मग राज्य बदललं आणि मराठी आली. आता हे. सर बोलतात आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसतो. एक वाक्य पकडावं तोवर तीन निघून जातात. शेजारच्या खोलीत परंड्याचा सरदार म्हणून मुलगा आहे, तिथल्या शाळेतल्या गफार मास्तरांचा. तो भराभर सगळं उतरवून घेतो आणि संध्याकाळी मला मराठीत सांगतो. तो नसता तर माझं अवघड होतं.

खोलीच्या खालीच तेलाच्या इंजिनांचा कारखाना आहे. विहिरीवर बसवतात ना, ती इंजिनं. दिवसभर ठोकाठोक चालते. परवा मालकांना सांगायला खाली गेलो, जरा हळू घ्या, अभ्यास होत नाही. ते म्हणाले, "हळू ठोकलं तर इंजिन आयकत न्हाय की ओ." तिथं एक इंजिन उघडून ठेवलेलं होतं, पोटातलं सगळं दिसत होतं. ते बघत उभा राहिलो तो दिवेलागण झाली. अभ्यास राहिलाच.

पहाटे देवळातला चौघडा ऐकू येत नाही, म्हणून जाग येते. उठून बसतो आणि मग लक्षात येतं. काकूला सांगा, चटणी संपली. मुंग्यांनी नव्हे, सरदारनं आणि मी.

आपला,
अंबादास


तुळजापूर
२ सप्टेंबर १९५७

चि. अंबादास,

तुझी चारही पत्रं पोचली. आता गंमत ऐक. पत्र आलं की मी संध्याकाळी ओट्यावर बसून ते वाचतो. आधी धोंडप्पा एकटाच ऐकायचा. मग शाळेतले नारायणराव मास्तर येऊ लागले. आता मंगळवार-शुक्रवारची देवीची गर्दी सोडली तर ओट्याला जागा पुरत नाही. "गुरुजी, कॉलेज भरलं का?" असं रस्त्यातूनच विचारतात.

मागच्या पत्रात तू चंद्रामुळं समुद्राला भरती येते ते लिहिलंस. आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नाही, तरी वाद असा पेटला की विचारू नकोस. धोंडप्पा म्हणाला, "चंद्र समुद्राला वढतोय, तर मग आमच्या हिरीला का वढत न्हाय? तिचं काय वाकडं केलंय?" मास्तरांनी शाळेचं पुस्तक उघडून पाहिलं, त्यातही सापडलं नाही. तुझ्या सरांना विचार आणि कळव. लाजू नकोस, प्रश्न धोंडप्पाचा आहे म्हणून सांग.

अंबादास, तू सवडीनं असंच लिहीत जा. काय शिकवलं, सरांनी कसं सांगितलं, फळ्यावर काय काढलं, सगळं. बाकी ओट्यावरच्यांची करमणूक होते, पण मी ते पत्र आत नेऊन पुन्हा वाचतो. या वयात हसू येईल, पण मला वाटतं मीच हैदराबादला राहिलोय आणि रोज वर्गात जातोय. जे समजत नाही ते सोडून देत नाही, समजेपर्यंत पान उलटत नाही. तुझी काकू म्हणते, परीक्षेलाही बसा.

नवरात्रात येऊ नकोस, अभ्यास बुडेल. दिवाळीला ये.

तात्या


सोलापूर
२४ नोव्हेंबर १९५७

ती. तात्यांना,

सा. न. दिवाळीहून परत आल्यावर लिहायला उशीर झाला, रागावू नका.

धोंडप्पांच्या विहिरीचं उत्तर आणलंय. चंद्राची ओढ विहिरीलाही असते, पण एवढ्याशा पाण्यात ती डोळ्याला दिसण्याइतकी होत नाही. तिला समुद्राचा विस्तार लागतो. त्यांच्या विहिरीचं काही वाकडं केलेलं नाही, असं त्यांना सांगा.

आता उष्णता. सायकलला पंप मारला की पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो. हवा दाबली की ती तापते. तात्या, एवढ्या एका गोष्टीवर केवढं उभं आहे! जाड नळकांड्यात हवा कोंडून खूप दाबली तर ती इतकी तापते की तेलाचा फवारा आत सोडल्याबरोबर काडी न लावता पेट घेतो. त्या धक्क्यानं दट्ट्या मागं जातो, दट्ट्या चाक फिरवतो, चाक पंप चालवतं आणि विहिरीचं पाणी वर येतं. पहिल्यांदा ते इंजिन धडधडून सुरू झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पळीभर तेल आणि दाबलेली हवा! नळकांडं घासून गुळगुळीत करावं लागतं, केसाएवढी फट राहिली तरी दाब निसटतो आणि इंजिन नुसतं खोकत राहतं. खोकला ऐकून ओळखायचं, फट कुठं आहे ते.

पुढच्या पत्रात प्रकाशाचं लिहीन. ते अजून नीट समजलेलं नाही, सरदारला विचारतोय.

आपला,
अंबादास


तुळजापूर
८ जानेवारी १९५८

अंबादास,

शाकंभरी नवरात्राला सोलापूरचे यजमान येऊन गेले. त्यांच्यात महांतप्पा होते. त्यांचे आजोबा माझ्या आजोबांकडं उतरायचे. एकट्यांनाच यायला उशीर झाला म्हणून त्यांना आत स्वयंपाकघराजवळ पान मांडलं. जेवताना भिंतीवरच्या तुझ्या मॅट्रिकच्या फोटोकडं त्यांची नजर गेली, आणि घास हातातच राहिला.

"गुरुजी, ह्यो तर आमच्या कारखान्यातला परंड्याचा पोरगा की ओ!"

मी म्हटलं, नाही, हा माझा पुतण्या, कॉलेजात शिकतो. ते म्हणाले, "कसलं कॉलेज? दसऱ्यापास्नं माझ्याकडं हाय. इंजिनाची नाडी वळखतोय बघा पोरगं." मग त्यांच्याच लक्षात आलं. खाली मान घालून उरलेला भात कसाबसा संपवला बिचाऱ्यांनी.

शाबास! गाव कुठलं तर परंडा. सोलापुरात एवढे कारखाने, आणि तुला आपल्याच यजमानाचा सापडला. तुळजापूरच्या उपाध्यांच्या घरातलं सोलापुरात लपत नाही, एवढंही तुला कळू नये? अर्धं सोलापूर वर्षाकाठी माझ्या पडवीत झोपून जातं.

तू कॉलेज सोडलंस त्याचा राग नाही, असं लिहिणार होतो. पण आहे. लई राग आहे. आणि त्याहून एक गोष्ट मनातून जात नाही. दसऱ्यानंतरची ती पत्रं. ती मी ओट्यावर वाचली. आत नेऊन पुन्हा पुन्हा वाचली. तू वर्गात नव्हतास, मग ते कुठलं होतं? माझ्यासारख्याला काय, काहीही लिहिलं तरी खपतं, असंच ना?

उत्तर पाठवू नकोस.

तात्या


सोलापूर
१२ जानेवारी १९५८

ती. तात्या,

उत्तर नको म्हणालात, तरी एवढं वाचा.

महांतप्पांना मी आपल्या घरी कधी पाहिलेलंच नव्हतं. तुम्ही मला यजमानांपासून इतकं लांब ठेवलंत की समोर आलेला यजमान मला ओळखता आला नाही. परंडा सांगितलं, कारण तुळजापूर म्हटलं की सोलापुरात माणसं हात जोडतात आणि कुणाचे म्हणून विचारतात.

मी नापास होणार म्हणून पळालो नाही. ओढूनताणून पास झालो असतो. पण वर्गात बसलो की कान खालच्या ठोक्याकडं लागायचे. कॉलेज वाईट नाही, सरदारला बघतो ना मी. त्याचा चेहरा तिथं उजळतो. माझा कारखान्यात उजळतो. माझं असंच आहे, त्याला मी काय करू? तिथं मी कुणाच्या हाताकडं बघत नाही, एवढं तरी तुमच्या मनासारखं झालं असेल.

पत्रातलं एक अक्षर बनावट नाही. दिवसभराचं काम झालं की सरदारपुढं बसतो. तो सांगतो. मला समजेपर्यंत त्याला सोडत नाही, कारण ते तुम्हाला कळवायचं असतं. तुमचे प्रश्न तो खरोखरच सरांना विचारून येतो. वर्गात होतो तेव्हा मला एवढं कधीच कळलं नव्हतं. तुम्हाला फसवलं, त्याबद्दल पाया पडतो. पण परत जा असं म्हणू नका.

अंबादास


तुळजापूर
१० मार्च १९५८

चि. अंबू,

काकूचा आशीर्वाद. तू तिसरीत असताना मला पाटीवर अक्षरं शिकवलीस, त्यानंतर एवढं लांब पहिल्यांदाच लिहिते आहे. जोडाक्षरं चुकली तर हसू नकोस.

दोन महिने झाले, घरात तुझं नाव निघत नाही. तुझं पत्र त्यांनी फाडलं नाही, देवाजवळ ठेवलंय. मी काही बोलले नाही. दिवाळीला तुझी नखं काळी दिसली तेव्हाही मी काही बोलले नव्हते. शाईची नखं अशी नसतात, एवढं मला कळतं. पण तुझा चेहरा इतका आनंदी होता की म्हटलं, जाऊ दे.

आता का लिहिते ते सांगते. महांतप्पांचं बोलणं आम्हा दोघांतच राहिलं. ओट्यावरच्यांना काही माहीत नाही. ती माणसं येऊन बसतात, "गुरुजी, पोराचं पत्र?" म्हणतात. आधी ह्यांनी तुला सर्दी झाल्याचं सांगितलं. मग परीक्षा आहे म्हणाले. मग एकदा जुनंच पत्र काढून वाचलं, तर धोंडप्पा म्हणाला, "ह्ये तर दिवाळीच्या आधीच झालंय की." सगळे हसले. हे पण हसले.

गेल्या आठवड्यात ह्यांनी एक कोरा कागद हातात धरला आणि वाचायला लागले. तूच लिहिलंयस अशा थाटात. चंद्रावर म्हणे विहिरी आहेत, आणि पृथ्वी त्यांचं पाणी ओढते. मी दाराआडून ऐकत होते. ह्यांच्या पाठीमागून कागद मला दिसत होता, पार कोरा. नारायणराव मास्तर खोकले, पण मान डोलावत राहिले. भला माणूस. इतर वेळी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मला रडू आलं रे. कारण वाचून झाल्यावर हे आत आले आणि मला म्हणाले, "असेल का गं खरंच?"

अंबू, तू कॉलेज सोडलंस, सोड. तुझं तुला कळतं. पण ह्यांचं बंद पाडू नकोस.

हे पत्र लिहिल्याचं त्यांना कळवू नकोस.

काकू


सोलापूर
१६ मार्च १९५८

ती. तात्यांना,

सा. न. सहजच मनात आलं म्हणून लिहितो. चंद्रावर विहिरी नसतात. तिथं हवा नाही आणि पाणीही नाही, असं सर सांगतात. हे मी वर्गात ऐकलेलं नाही. सरदारनं ऐकलं, त्याच्याकडून मी घेतलं, आणि तुम्हाला पाठवतो आहे. इथून पुढं प्रत्येक पत्रात कुणाकडून आलं ते लिहीत जाईन. ओट्यावर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

प्रकाशाचं राहिलं होतं. काठी पाण्यात बुडवली की वाकडी दिसते. देवळातल्या कल्लोळ तीर्थात न्हाताना लहानपणी मी तुमचा पाय पाण्यात वाकडा दिसतो म्हणून रडलो होतो, तुम्ही मला उचलून घेऊन पाय बाहेर काढून दाखवला होता. का वाकडा दिसला ते आता कळलं. हवेतून पाण्यात जाताना प्रकाशाचा वेग कमी होतो, त्यामुळं त्याची वाट वळते. पाय सरळच असतो.

सरदारनं सरांना तुमच्याबद्दल सांगितलं. भरतीचा आणि विहिरीचा प्रश्न विचारणारे कोण, हे त्यांना पाहायचंय. जूनमध्ये नवं वर्ष सुरू होईल तेव्हा या, मागच्या बाकावर खुशाल बसा, असा निरोप आहे. माझ्याकडं उतरू नका, राग असेल तर. महांतप्पांकडं उतरा. पण या.

अंबादास


तुळजापूर
२ जुलै १९५८

चि. अंबादास,

घरी सुखरूप पोचलो. गाडीत आपल्याकडची दोन माणसं भेटली, सोलापूरला कशाला गेला होता म्हणाली. मी म्हटलं, कॉलेजला. त्यांना ती थट्टा वाटली.

तुझ्याजवळ राहिलो, पण जे बोलायचं ते तोंडानं जमलं नाही, म्हणून लिहितो. तुला तेलकट कपड्यांत पाहिलं तेव्हा पहिल्यांदा मी नजर दुसरीकडं वळवली. मग तू त्या इंजिनाला कान लावून उभा राहिलास आणि तिघं मोठे कारागीर तू काय सांगतोस याची वाट बघत होते. तेव्हा तुझे वडील आठवले. तबल्याला कान लावायचे ते असेच. मी माझी भूक तुझ्या ताटात वाढली रे. तुला दुसरंच काही खायचं होतं. शिक्षण मोठंच, त्याला मी कधी लहान म्हणणार नाही. गावातल्या ज्या पोराला हवं असेल त्याच्या बापाशी मी भांडून त्याला कॉलेजात घालीन. पण ते तुझं नव्हतं, हे मान्य करायला मला सहा महिने लागले. आता महांतप्पांकडंच राहा. आपली यजमानी माझ्यापाशी संपणार. त्याचं दुःख आहे, आहे तर आहे.

ओट्यावर काल सगळं खरं सांगून टाकलं. धोंडप्पा म्हणाला, "आमाला कवाच ठावं होतं." त्यानं माझा कोरा कागद समोरून पाहिला होता म्हणे! सगळे रोज येऊन मुकाट ऐकत होते. आता त्यानं विचारलंय, त्याच्या विहिरीवर इंजिन बसवायला तू येशील का.

आता वर्गाचं. तू दारापर्यंत सोडलंस आणि कामावर गेलास, म्हणून तुला माहीत नाही. मी उपरणं सावरत आत गेलो तर सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, संस्कृतचे नवे सर आले. सरदारनं हात धरून मला मागच्या बाकावर नेलं. सर आले. फळ्यावर काहीतरी काढलं आणि बोलू लागले. अंबादास, मला एक अक्षर कळलं नाही. पूर्ण तासभर नाही. शेजारचं पोरगं जांभया देत होतं, पुढचं खिडकीबाहेर बघत होतं, आणि मी डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. खडूचा वास येत होता. इतका आनंद मला देऊळ सोडून कुठं झालेला आठवत नाही.

तास संपताना सरांनी हजेरी घेतली. एकेक नाव पुकारायचे, पोरं इंग्रजीत हो म्हणायची. सगळी नावं झाली. वही मिटता मिटता सरांनी मागं पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "आणि आपण?"

मी उठून उभा राहिलो. नाव सांगायचं, गाव सांगायचं, सरदारनं सगळं पढवून ठेवलं होतं. पण अंबादास, काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून उर्दू शाळेतला शब्द निघाला. इतकी वर्षं तो आत बसून होता.

"हाजिर."

एकही पोरगं हसलं नाही. सरांनी मिटलेली वही पुन्हा उघडली आणि काहीतरी लिहिलं.

तात्या